१४ आठवड्यांच्या लशीसोबत मानही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘लेकराचं अंग ढिलं आहे, मालिश वाढवा’ हा सल्ला नागपुरात घरोघरी मिळतो. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ ही पुस्ती त्याला जोडलेली असतेच, आणि कधी कधी ती खरीही निघते. पण ढिलेपणा हा आजार नव्हे, लक्षण आहे. त्यामागची काही कारणं अशी आहेत की उपचाराला उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही.

तपासणी सोपी आहे. बाळ जागं, शांत आणि पोट भरून तासभर झालेलं असावं. झोपाळलेलं बाळ कोणतंही असो, ढिलंच लागतं. उताणं ठेवून दोन्ही हात धरून हळूहळू बसतं करा. १४ आठवड्यांना डोकं सुरुवातीला जरा मागे राहिलं तरी चालेल, पण शेवटी धडासोबत वर यायला हवं. चार महिने पूर्ण झाल्यावरही ते मागे लोंबत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पोटाखाली हात घालून उचलल्यावर बाळ दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखं लोंबतं का, काखेत धरल्यावर हातातून खाली निसटतं का, हेही बघा. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल तर वयातून ते दोन महिने वजा करा.

पुढचा प्रश्न डॉक्टरांच्या रबरी हातोडीचा. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडत असेल, किंवा जास्तच उडत असेल, तर दोष बहुधा मेंदूकडे असतो. जन्मताना प्राणवायू कमी पडलेली बाळं यातलीच. ती आधी ढिली असतात, मग काही महिन्यांत ताठ होऊ लागतात, आणि घरच्यांना वाटतं अंगात ताकद आली. डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असण्याची जन्मजात अवस्था, हेही याच गटातलं. त्या मुलांत थायरॉइड पुढेही बिघडू शकतं, म्हणून एकदा तपासून भागत नाही. याउलट पाय उडतच नाही, हातपाय फारसे हलत नाहीत, पण डोळे मात्र टवटवीत, बाळ ओळखून हसतं आणि जीभ बारीक थरथरते, असं दिसलं तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीची (एसएमए), म्हणजे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे होणाऱ्या आनुवंशिक आजाराची जनुकीय तपासणी लगेच व्हावी. त्यावरचं तोंडाने देण्याचं रिस्डिप्लाम हे औषध २०२१ पासून भारतात मंजूर आहे. औषधाचा खर्च झेपला नाही तरी निदान हवंच, कारण त्याच आईबापांच्या पुढच्या प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

दुर्मीळ नावांनी घाबरून जाण्याआधी दोन साध्या गोष्टी तपासाव्यात. पहिली थायरॉइड. फार झोपणारं, क्वचितच रडणारं, शी घट्ट होणारं आणि कावीळ लांबलेलं बाळ ‘किती शहाणं’ म्हणून कौतुकाला पात्र ठरतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचंच वाढलेलं असतं, म्हणून टाचेतून रक्त तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घेतात. दोष सापडला तर गोळी दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावी.

दुसरी बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता. आई शाकाहारी, दूधही मोजकंच चहापुरतं, बाळ सहा महिन्यांनंतरही फक्त अंगावर पिणारं, अशा घरात हे हमखास तपासावं. बाळ आधी हसायचं ते थांबतं, बसायचं ते कोलमडतं, केस विरळ व भुरे होतात, बोटांचे सांधे काळवंडतात, काहींचे हात थरथरतात. इथे दोन चुका घडतात. गरोदरपणातल्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, बी १२ नसतं. ‘गोळ्या घेतल्या होत्या’ यावर विसंबू नये. आणि बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, मज्जासंस्थेचं नुकसान मात्र चालूच राहतं. बाळासोबत आईलाही बी १२ द्यावं लागतं, हेही विसरलं जातं.

मालिशला आमचा विरोध नाही. पण ढिल्या बाळाचे सांधे सैल असतात. त्याला हात धरून उचलणं, पाय धरून उलटं करणं बंद करा. नाकातोंडात तेल सोडू नका, ते फुप्फुसात जातं. अशा बाळाला आडवं ठेवून पाजू नका. मध वर्षाच्या आत बोटभरही नको: त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे आधी शौच थांबतं, मग पापण्या आणि मान पडते. वॉकरने चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागांना आमची एक विनंती आहे. लशीसाठी बाळ ६, १०, १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात येतंच. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. १४ आठवड्यांची लस देताना सिस्टरांनी मानेची चाचणी करून कार्डावर नोंद करावी. अर्धं मिनिट लागतं. मान मागे राहणारं बाळ चार महिने पूर्ण होताच पुन्हा बोलवावं, आणि तरीही मान येत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावं. तिथला तपास मोफत असतो. सोबतच्या चिठ्ठीवर ‘अशक्तपणा’ एवढंच न लिहिता पाय उडतो की नाही, तेही लिहावं.

– बालविकास क्षेत्रात काम करणारे काही वाचक, नागपूर