नकाशातला पऱ्या आणि आमचा पऱ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाणी अडवायच्या जागा आता उपग्रह शोधणार, ही कालची बातमी वाचली. अभिनंदन. कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलात टँकर का लागतो, हे आता संगणकच सांगेल म्हणजे आमची काळजी मिटली.

आमच्या वाडीत असा एक नकाशातला बंधारा उभा आहे. मोबाईल घेऊन आलेले साहेब म्हणाले, "इथे गडद हिरवं येतंय." हिरवं म्हणजे बंधाऱ्याला योग्य. येणारच. सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, सपाट, वस्ती नाही, जमीन पडीक. सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी. पण खाली जांभा आहे, भोकाभोकांचा तांबडा दगड; त्याचे गुण कोणी कापले? जांभ्यातून पाणी झिरपतं, खालच्या पांढरट चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यातून बाहेर पडतं. म्हणून तर आमच्या विहिरी कडेखाली आहेत. बंधारा झऱ्याच्या वर! नवरात्रापर्यंत पाणी दिसतं, दिवाळीला तळात शेवाळ वाळलेलं.

उंचीची माहिती बहुधा २००० साली अमेरिकी अंतराळयानातून रडारने घेतलेली. तिचा एक चौकोन ३० मीटरचा. तेवढ्यात माझं घर, खळं, गोठा, विहीर आणि शेजाऱ्याची काजूची दोन झाडं मावतात. त्यात दाट झाडी असली की रडार जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, पऱ्याची, म्हणजे आमच्या ओढ्याची, अरुंद घळ बुजून जाते. नकाशावर आमचा पऱ्या शेजारच्या आमराईतून वाहतो!

आमचा जुना बंधारा खाली, घळ आवळते तिथे. दिवाळीनंतर सगळी वाडी जमून दगड, माती, गवत रचून तो घालायची आणि पाटाचं पाणी मेपर्यंत पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, पुरायचं. पक्का बंधारा आला आणि "आता कशाला?" सुरू झालं. तशीही अर्धी वाडी मुंबईला. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोफळींनी माना टाकल्या. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "काका, मॉडेलमध्ये तसं येत नाही."

नकाशे नकोत असं नाही. छपरं मोजा की त्यावरून. १,००० चौरस फूट कौलांवर वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं, तिथे जांभाही आड येत नाही. ते मात्र बातमीत एका ओळीत उरकलंत.

जाता जाता आणखी एक. बातमीखालचा नकाशा काळ्या-पांढऱ्यात छापून वर 'हिरवा म्हणजे योग्य, लाल म्हणजे अयोग्य' अशी टीप दिली आहे. आमच्या अंकात राजापूर आणि अरबी समुद्र एकाच करड्या रंगात आहेत. पुढच्या वेळी रंगीत पान परवडत नसेल तर तालुक्यांची नावं तरी घाला.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. राजापूर