निवड कुठवर करायची?

नागपूर

प्रिय शैला,

तुझं पत्र परवा मिळालं, आणि तेव्हापासून मनातून जात नाही. तुझा निखिल आणि सून प्राची दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक निघाले, डॉक्टर म्हणतात टेस्ट ट्यूबनं गर्भ तयार करू, तपासू, आजार नसलेला गर्भ ठेवू. तू विचारतेस, ‘ज्या गर्भनिवडीविरुद्ध आपण मोर्चे काढले तेच आता माझ्या घरात होणार का?’

माझं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, हे ते नव्हे. पण तुझी धास्ती मात्र खरी आहे.

गर्भजल परीक्षेचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. सत्तरच्या दशकात ती आपल्याकडे आली ती गर्भातले दोष ओळखायला, आणि बघता बघता मुली शोधून काढायचं साधन झाली. ‘आत्ता थोडे खर्च करा, पुढे हुंड्याचे लाखो वाचवा’ असल्या जाहिराती तुला आठवत असतीलच. १९८८ साली महाराष्ट्रानं त्याविरुद्ध कायदा केला, देशातला पहिला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात धरली. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे आपल्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. औषधाच्या नावानं आलेलं तंत्र आपल्या समाजात कुठे जाऊन पोचतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तरीही एक गोष्ट सांगते. गर्भाशयात ठेवण्याआधी गर्भ तपासून पहिल्यांदा मुलं जन्माला आली ती १९९० मध्ये, लंडनला. तिथेही लिंगच तपासलं होतं, आणि मुलींचे गर्भ निवडले होते, कारण त्या घरांतले आजार मुलग्यांनाच होणारे होते. म्हणजे कृती तीच, पण तिथे कुणाला मुलगा नकोसा नव्हता. आजार नको होता.

आणि सिकलसेल काय असतो हे मी प्रयोगशाळेत नोकरीभर पाहिलं. बाळ सहा-सात महिन्यांचं होतं, पोटातून आणलेलं हिमोग्लोबिन संपत येतं, आणि एके दिवशी हातापायांची बोटं टम्म सुजतात. आईला वाटतं काही चावलं. पुढे हाडं ठणकायला लागली की मोठी माणसंसुद्धा खाटेवर गडबडा लोळतात. रक्त चढवायचं, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, पुन्हा दवाखाना. आमच्याकडे पहिली चाचणी अगदी साधी. रक्त मिसळलेली परीक्षानळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची; द्रव गढूळ झाला, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सिकलसेलचा दोष आहे असं समजायचं. पण ती ‘एएस’ म्हणजे वाहकालाही गढूळ आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्णालाही गढूळ. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे पुढच्या तपासणीत कळायचं. तोवर बाहेर बसलेल्या आईकडे बघवत नसे. हे दुखणं मुलाच्या वाट्याला येऊ नये असं वाटणाऱ्या प्राचीला मी मुलगे निवडणाऱ्यांच्या रांगेत कशी उभी करू? कायद्यानंही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार तपासायला मुभा ठेवली आहेच.

एकदा मात्र एका ‘एसएस’ मुलीनं मला विचारलं होतं, ‘मॅडम, मग माझ्यासारखीला जन्मालाच घालायचं नव्हतं का?’ कॉलेजात होती, गोड गायची. मी म्हणाले, ‘तू आहेस, आणि तुझा जीव माझ्याइतकाच मोलाचा आहे. आजार नको म्हणणं म्हणजे तू नको म्हणणं नव्हे.’ तिला ते कितपत पटलं कोण जाणे. पण तिच्यासारख्यांच्या औषधांसाठी, रक्तासाठी भांडायचं सोडून नुसतं ‘पुढे असे जन्मू नयेत’ एवढंच म्हणणारा समाज मला नको आहे. दोन्ही करायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोघंही ‘एएस’ असले की प्रत्येक गर्भाबाबत पावपट शक्यता ‘एसएस’ची, निम्मी ‘एएस’ची, पावपट ‘एए’ची, म्हणजे दोष अजिबात नसलेल्याची. उपचार केंद्रातले डॉक्टर कदाचित म्हणतील, ‘एए’ मिळतोय तर तोच घ्या. तिथे अडा. ‘एएस’ म्हणजे निखिलच, प्राचीच! त्यांना काय कमी आहे? शिवाय सिकलसेलचा हा एकच जीन अंगात असला की जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव होतो. म्हणून तर तो आपल्या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकला. रोगी गर्भ बाजूला ठेवणं एक, आणि निरोगी गर्भांत पहिला-दुसरा नंबर लावणं दुसरं. माझी रेघ इथे आहे. परदेशात उंची, बुद्धी यांचे अंदाज बांधून गर्भांना गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्यात. उंची-बुद्धी काही एका जीनवर ठरत नाही. शेकडो-हजारो जीन आणि घरचं, शाळेचं, ताटातलं सगळं त्यात येतं. तसलं काही कुणी सुचवलं तर उठून या. दोन मुली असलेलं एक जोडपं मुलासाठी लिंगनिवडीची मुभा मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयानं २००७ मध्ये ठाम नाही म्हटलं. त्यांनाही वाटलंच होतं की आपली मागणी साधी आहे.

आणि शैला, प्राचीला विचारलंस का? दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं तिला टोचणार, बीजं तिच्या पोटातून काढणार. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या, पुढे वार (प्लॅसेंटा) होणाऱ्या, थोड्याशा पेशी तपासायच्या म्हणजे तिला त्रास नाही असं कुणी म्हणेल, पण त्याआधीचं सगळं तिच्याच अंगावर आहे. खर्च लाखांत, आणि गर्भ रुजेलच याची खात्री नाही. तिला दिवस राहू देऊन तिसऱ्या महिन्यात वारेची तपासणी करायची असेल, किंवा मूल दत्तक घ्यायचं असेल, तर तेही तितकंच बरोबर. कायद्यातही तिची लेखी संमती, तिला समजणाऱ्या भाषेत, आणि तिची प्रत तिच्या हातात, असं स्पष्ट आहे. ती प्रत ती मागून घेईल एवढं बघ. सासू म्हणून तू मत देऊ नकोस, फक्त सोबत जा.

दिवाळीनंतर मी पुण्याला येतेय. दोघांचे रिपोर्ट काढून ठेव, एकदा स्वतः बघते. प्राचीला माझा नंबर दे. तिला वाटलं तर तिनं फोन करावा, मी आपणहून करणार नाही.

तुझी,
मंदा