दिवे घाटात थरथरणारी गाडी आणि दापोडीचे काका

प्रिय काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्या सोसायटीला वाचता येईल असं लिहितेय.

त्या दिवशी सासवडला आईकडे निघाले होते. हडपसर, फुरसुंगी, वडकीपर्यंत गाडी छान चालली. दिवे घाटाचा चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि अख्खी गाडी ताप भरलेल्या पोरासारखी हुडहुडायला लागली. खाली मस्तानी तलाव, मागे टेम्पोवाल्याचा हॉर्न, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतोय. पाय सैल केला की शांत, दाबला की पुन्हा तेच. घाटमाथ्यावरची विठोबाची मूर्ती दिसेपर्यंत मी नुसती हात जोडायची बाकी होते.

पुढचे तीन आठवडे वर्कशॉपच्या वाऱ्या. आधी व्हील बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग इंजिनाची माउंटिंग्ज, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार. साडेनऊ हजार गेले आणि थरथर जागच्या जागी. वर "इंजेक्टर आणि फ्युएल पंप बघावा लागेल, साहेबांना पाठवून द्या" असा सल्ला. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, आणि बोलणार साहेबांशी! असो.

तुम्ही मात्र पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात: "वेगाला हलते की रेसला हलते?" हा फरक मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या सांगण्यावरून मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग धरला आणि क्लच दाबून पाय काढला. थरथर गायब. म्हणजे चाकांचा दोष नाही, नाहीतर त्याच वेगाला ती राहिली असती. मग जोर पडल्यावर हलणाऱ्या तीन गोष्टी तुम्ही बोटांवर मोजल्यात: माउंटिंग, अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट आणि मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न पेटणं. "पण पहिल्या दोघांनी दिवा लुकलुकत नाही," म्हणालात. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा नातवाचा स्कॅनर लावला तर कोड आला पी०३०२. दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय.

मी लगेच मोबाईलवर कॉईलची, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागाची, किंमत बघायला लागले, तर तुम्ही ओरडलात, "बदलायच्या आधी जागा बदलून बघ!" हे वाक्य मी विसरणार नाही.

तुमच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, वाकता येत नाही. म्हणून पाना माझ्या हातात आला. इंजिन थंड होऊ दिलं. क्लिप जपून सोडवायला लावलीत, कारण जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. दहाच्या पान्याने बोल्ट काढला आणि कॉईल वर ओढली, तर तिचा रबरी बूट तेलाने चपचपलेला. टॉर्च पाडल्यावर प्लगच्या विहिरीत तेल चमकत होतं आणि बुटाच्या अंगावर केसाएवढी काळी रेघ. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ती रेघ नखाने चाचपलीत. "इथून ठिणगी पळते."

तरीही खात्री करून घ्यायला लावलीत. दोन नंबरची कॉईल तीनवर, तीनची दोनवर, कोड पुसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दिवे घाट. थरथर आली, कोड बदलला: पी०३०३. आजार कॉईलच्या मागोमाग चालत गेला होता. काका, खरं सांगते, बिघाड बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

चढावरच का, सपाटीला का नाही, हे तुम्ही एसटीच्या भाषेत समजावलंत. रिकाम्या गाडीत कंडक्टर आरामात मागेपर्यंत जातो, स्वारगेटहून भरून निघालेल्या गाडीत त्याला अंग घालून घुसावं लागतं. पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो, आणि प्लगची फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉईल तिथे पोचत नाही, ठिणगी त्या काळ्या रेघेची सोपी वाट धरते. त्यात माझे प्लग झिजलेले. फीलर गेजने फट मोजली तर १.४ मिलिमीटर, गाडीच्या पुस्तिकेत १.१. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागाचा भाग भाजून निघतो. लुकलुकता दिवा त्याचीच हाकाटी करतो, हेही तेव्हाच कळलं. मी तीन आठवडे तशीच हाकत होते!

कॉईल आणि चार प्लग नाना पेठेतून आणले. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कोपऱ्यावरच्या गॅरेजात बदललं, कारण तुमच्या मते गळती तशीच ठेवली तर नवी कॉईलही वर्षभरात तेल पिऊन बसली असती. सगळं मिळून साडेसहा हजार. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवून आट्यात बसवायचा, पाना नंतर, हे तुम्ही चारही वेळा बजावलंत. चौथ्यांदा मी जरा चिडलेही होते, माफ करा.

गंमत म्हणजे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तुमची सगळी नोकरी डिझेलवर गेली, ज्यात स्पार्क प्लगच नसतो. विचारलं तर म्हणालात, "इंजिन कुठलंही असो, एका वेळी एकच गोष्ट हलवायची."

परवा घाट चढले. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, टेम्पोवाला मागे पडला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून पुरंदरची अंजिरं आणली आहेत. तुमची साखर माहीत आहे, त्यामुळे काकूंच्याच हातात देईन. किती द्यायची ते त्या ठरवतील.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची