सूचना : रविवारची पालक बैठक

वाडीतील सर्व पालकांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. विषय : मुले आणि मोबाइल. ज्यांची बोट समुद्रात असेल त्यांच्या घरातून दुसऱ्या कुणीतरी यावे. आठवीपुढच्या मुलांनाही सोबत आणा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

तोपर्यंत एवढे लक्षात ठेवा :

• ऑनलाइन गेममध्ये ओळख काढून अनोळखी माणूस फोटो मागतो, मग तो पसरवण्याची धमकी देऊन पैसे. आता तर स्टेटसवरच्या साध्या फोटोवरूनही एआयने अश्लील चित्र बनवतात. पैसे देऊ नका. चॅट पुसू नका, तो पुरावा आहे.

• असे चित्र आले तर "बघा काय चाललंय" म्हणून ग्रुपवर टाकू नका. मुलांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी धोका पत्करू नका.

• पैसे गेल्यास लगेच १९३० (सायबर फसवणूक हेल्पलाइन), मूल संकटात असल्यास १०९८ (चाइल्डलाइन) या नंबरवर फोन करा.

आणि पोराने सांगितले तर आधी हात उगारू नका. मार बसेल म्हणूनच ती लपवतात.

चहा आहे. येताना मोबाइल चार्ज करून आणा, सेटिंग तिथेच बदलू.