एटकॉमच्या तासाविषयी

सोलापूर

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की एटकॉमचा, म्हणजे डॉक्टरकीच्या अभ्यासातल्या वृत्ती, नीती आणि संवाद या भागाचा, तास केवळ हजेरीसाठी भरतो आणि लॉगबुकमधले रिफ्लेक्शन, म्हणजे स्वतःच्या अनुभवावर लिहायचे चिंतन, तुमच्यापैकी निम्मे जण ग्रुपवर आलेले उतरवून काढतात. तुझा युक्तिवाद मला पाठच झाला आहे : प्रामाणिक माणसाला नीतिशास्त्र शिकवावे लागत नाही आणि लबाडाला शिकवून उपयोग होत नाही. फोनवर मी काही बोलले नाही, कारण हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना पटते. वॉर्डात तीस वर्षे काढल्यावर मात्र ते पटत नाही.

तुमची तक्रार सगळीच खोटी आहे असे मी म्हणत नाही. दीडशे-दोनशे मुलांच्या वर्गात कोणी स्लाइड वाचून दाखवत असेल, तर करुणा शिकणे अवघडच आहे. पण 2019 साली हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला, तेव्हा त्यात शरीररचनाशास्त्राच्या मुलांसाठी ‘शव हा आपला पहिला शिक्षक’ असाही एक घटक ठेवला गेला. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमधून घरी आलास, तेव्हा तुला दोन दिवस जेवण गेले नव्हते आणि तिसऱ्या दिवशी तू त्याच देहावर विनोद सांगितलास, हे तुला आठवते का? मी रागावले नाही. भीती झाकायला माणूस विनोद करतो, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या दोन दिवसांत तुझ्या मनात काय चालले होते, हे विचारणारा एखादा तास असावा, असे मला तेव्हाही वाटले होते.

आता माझी एक गोष्ट लिहिते. ती आजवर घरात सांगितलेली नाही. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. पूर्व भागातली एक विडी कामगार बाई ऑपरेशनसाठी दाखल झाली होती. तिला तेलुगूखेरीज काही येत नव्हते आणि संमतीपत्र मराठीत होते. सोलापुरात ही रोजचीच गोष्ट आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषा एकाच वॉर्डात कण्हत असतात आणि कागद मात्र एकाच भाषेत असतो. सकाळची गडबड होती, ऑपरेशन थिएटरमधून दोनदा बोलावणे आले होते. मी माझ्या मोडक्या तेलुगूत तिला ‘गाठ काढणार’ एवढे सांगितले, नवऱ्याचा आणि तिचा अंगठा घेतला आणि ट्रॉली पाठवली. ऑपरेशन उत्तम झाले. टाके काढताना तिने मला हळूच विचारले, पाळी पुन्हा कधी सुरू होईल? पिशवी काढली आहे, हे तिला कोणीच सांगितले नव्हते.

यात लबाड कोण होते, तू सांग. सर्जन अत्यंत सज्जन होते, आणि मी स्वतःला तोवर चांगली सिस्टर समजत होते. तुझ्या त्या वाक्यात आम्हा दोघांना जागाच नाही, कारण त्यात दमलेला, घाईत असलेला, सरावलेला माणूस बसत नाही. आणि वॉर्डात तर बहुतेक वेळा तोच असतो. पुढे 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला की तपासणीपुरती संमती घेऊन, रुग्ण बेशुद्ध असताना तिच्या आईला विचारून गर्भाशय काढणे, ही वैध संमती नव्हे. मी ती बातमी दोनदा वाचली. आमच्याकडे निदान अंगठा होता, असे स्वतःला सांगून पाहिले, पण ते काही जमले नाही.

डॉ. कोटणिसांचे उदाहरण मी तुला देणार नाही. लहानपणी भैया चौकातले त्यांचे स्मारक दाखवायला नेले होते तेवढे पुरे. बत्तिसाव्या वर्षी चीनमध्ये प्राण देणाऱ्या माणसाला नमस्कार करणे सोपे असते. बेड नंबर चौदाला तिच्या नावाने हाक मारणे अवघड असते. तुमचे रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, तिला ‘चौदाची लिव्हर’ म्हणत असतील, तर तुम्हीही महिनाभरात तसेच म्हणू लागाल. तोही एक तासच आहे, फक्त त्याची हजेरी कोणी घेत नाही, म्हणून तो शिकलो हे कळत नाही.

एका गोष्टीबद्दल तुला सरळ विचारते. मागच्या आठवड्यात एकाच बाईचे पोट तुम्ही अकरा जणांनी पाठोपाठ तपासले, असे तू कौतुकाने सांगितलेस, कारण प्लीहा नीट हाताला लागली. तिला कोणी विचारले होते का? पडदा ओढला होता का? सातव्या-आठव्या मुलाच्या वेळी तिचा चेहरा कसा होता? पुढच्या रिफ्लेक्शनमध्ये हे लिही. लॉगबुकमध्ये लिहायला संकोच वाटला तर मला लिही, पण ग्रुपवरचे उतरवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. त्या बाईचे नाव ठाऊक नसेल, तर उद्याच्या राउंडला विचारून घे.