गाभण म्हैस मोबाईलवर तपासता येत नाही

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोरोनात ऑनलाईन शिक्षणाचं काय झालं यावर तुमच्या पेपरात मध्ये बरंच छापून आलं, त्यात इंजिनिअरिंगवाले होते, एमबीबीएसवाले होते, अगदी बालवाडीपण होती, पण व्हेटर्नरीच्या पोरांची आठवण काय कुणाला झाली नाही. दुधावर चाललेल्या जिल्ह्यात ही गंमतच म्हणायची. म्हणून लिहितेय, जमलं तर छापा.

माझं ॲडमिशन २०१७ चं. डिग्री साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. आमच्या वेळी कोल्हापुरात सरकारी व्हेटर्नरी कॉलेज नव्हतं, सगळ्यात जवळचं म्हणजे साताऱ्यातलं शिरवळ, नाहीतर मग मुंबई, परभणी, उदगीर, नागपूर, त्यामुळे इथली पोरं सगळी होस्टेलवर. मार्च २०२० ला होस्टेल रिकामं केलं, दोन-चार ड्रेस घेऊन घरी आलो ते पुढं मेडिसिन, सर्जरी आणि गायनॅक या खऱ्या डॉक्टरकीच्या विषयांचा बराचसा भाग मोबाईलवरच झाला.

रेंजचं रडगाणं मी गात नाही, ते सगळ्यांनी गाऊन झालंय. आणि ऑनलाईन सगळंच वाईट होतं असंही नाही हं. पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स कॉलेजात एका मायक्रोस्कोपवर पाच-सहाजण डोकं घालून बघायचो, त्या स्क्रीनवर एकदम क्लिअर दिसल्या. लेक्चर रेकॉर्ड असायचं, औषधाचा डोस कळला नाही की मागं नेऊन परत ऐका. थिअरीत आमची बॅच कुठं कमी पडली असं मला तरी वाटत नाही.

घोडं अडलं ते हातात. गाभण तपासणी म्हणजे खांद्यापर्यंत ग्लोव्ह घालून शेणातून हात आत घालायचा आणि डोळ्याला काही न दिसता बोटांनी गर्भाशय हुडकायचं. तीन महिन्यांचा गाभ शिकाऊ पोराला पण कळतो, दीड महिन्याचा कळायला शेकडो जनावरं हाताखालून जावी लागतात, त्याचा व्हिडिओ कितीही चांगला असला तरी त्यात दिसतो फक्त डॉक्टरचा खांदा आणि म्हशीची शेपटी. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला की तिला पाडून, कुशीवर फळी ठेवून, त्या फळीवर माणूस उभा करून पीळ ज्या बाजूला त्याच बाजूला लोळवतात, चार-पाच गडी दोरखंड धरून असतात, आणि पीळ सुटला का हे शेवटी परत आत हात घालूनच कळतं, आतल्या वळ्या मोकळ्या झालेल्या बोटाला लागतात. यावर आम्हाला चार पर्यायांचे प्रश्न होते. मी बरोबर टिक केलं होतं!

आता मुद्द्याचं सांगते. सगळे म्हणतात ऑनलाईनमध्ये खेड्यातल्या पोरांचं नुकसान झालं. आमच्यात उलटंपण झालं. माझ्या घरी गोठ्यात म्हशी, शेजारी जर्सी, दोन घरं सोडून शेळ्या. लॉकडाऊनमध्ये जनावरांचे दवाखाने अत्यावश्यक म्हणून चालूच होते, लोक डेअरीला दूध घालतच होते आणि जनावर काय लॉकडाऊन बघून आजारी पडायचं थांबत नाही. आमच्या भागात एक रिटायर्ड डॉक्टर आहेत, मी त्यांच्या गाडीवर मागं बसून फिरले. म्हशीचा मुका माज कसा ओळखायचा, ती ओरडत नाही, गप उभी असते, बळस म्हणजे माजावरचा चिकट स्राव बघायचा, रात्री उशिरा-पहाटे लक्ष ठेवायचं, हे मी त्यांच्याकडं शिकले. कॅल्शियम शिरेतून सोडताना घाई करायची नाही, एका हातानं स्टेथोस्कोप छातीवर धरायचा आणि ठोका चुकायला लागला की बाटली खाली घ्यायची, हेही तिथंच. सुरुवातीला लोक म्हणायचे ही पोरगी काय हात घालणार, नंतर वासरू अडलं की माझीच बारीक मनगटं कामाला यायची, ते जाऊ दे.

माझी मैत्रीण राजारामपुरीत फ्लॅटमध्ये, हुशार माझ्यापेक्षा, ती बिचारी केळ्याच्या सालीवर टाके घालायची प्रॅक्टिस करत बसलेली. आणि कोल्हापूर असं शहर आहे की गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध देतात, म्हणजे जनावर तिच्यापासून पण लांब नव्हतं. फक्त तिला कुणी तिकडं पाठवलं नाही.

आणि मी जे शिकले त्याचा कागदावर उपयोग काय, शून्य. उलट सकाळी अडलेल्या म्हशीकडं गेलं की त्या वेळच्या गायनॅकच्या लेक्चरला ॲब्सेंट लागायची!

नंतर २०२२ ला लम्पी आली तेव्हा आमच्याच बॅचची इंटर्न पोरं गावोगाव गोठ्यात जाऊन शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत होती. कातडी चिमटीत धरून सुई खाली सरकवायची, पाठीमागं बैल लाथ मारायला तयार. तेव्हा कुणी विचारलं नाही ऑनलाईन बॅच का ऑफलाईन. पण साधे दिवस आले की गोठ्यावर अजून ऐकायला मिळतं, "कोरोनात पास झालाय न्हवं तुम्ही?"

माझं म्हणणं एवढंच की कॉलेज बंद पडलं तर विद्यार्थी ज्या तालुक्यातला, तिथल्या सरकारी दवाखान्याला त्याला जोडून द्या आणि ते काम प्रॅक्टिकल म्हणून धरा. हे काय फक्त महामारीसाठी नाही, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुण्याकडं जाणारा हायवेच बंद होता, तेव्हा इकडची पोरं कुठं जाणार होती. खोट्या सह्या होतील असं कॉलेजवाले म्हणतील, होतीलही. पण जनावराच्या कानात आता १२ अंकी नंबरचा बिल्ला असतो, तो नंबर, तारीख आणि निदान वहीत लिहायला लावा. पोरानं गाभण म्हणून लिहिलेली म्हैस पुढं व्याली का नाही हे सात-नऊ महिन्यांनी त्या गोठ्यात फोन केला तरी कळतं.

आपली विश्वासू,
एक पशुवैद्यक
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर