निवडणूक झाली, आता हिशेब दाखवा

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि मतदान झालं ते थेट जानेवारी 2026 मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं 74 वी घटनादुरुस्ती सांगते. तरीही पाच वर्षं शहर प्रशासकाच्या सहीवर चाललं. मतं मागायला ज्याला दारात यायचंच नाही, त्याला जाब कसा विचारणार?

ब्राझीलमध्ये 2003 पासून सोडत काढून नगरपालिकांची तपासणी झाली. ज्या महापौरांना पुन्हा उभं राहता येणार होतं, त्यांच्याकडचा अपहार, पुन्हा उभं राहता न येणाऱ्यांपेक्षा 27 टक्क्यांनी कमी निघाला. मतदाराचा धाक असा असतो. पण त्यासाठी मतदाराला आकडे दिसायला हवेत, आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर ते न मागताच जाहीर करायला सांगतं.

गल्लीत गटारीचं काम निघालं की तिथंच फलक लागावा : ठेकेदार कोण, रक्कम किती, उखडलं तर किती वर्षं त्याच्याच खर्चानं दुरुस्ती. टोलविरोधात अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं. त्याच कोल्हापूरकरांनी आपापल्या नगरसेवकाला हा ठराव पुढच्या महासभेत मांडायला लावावा.

– एक करदाता, शिवाजी पेठ, कोल्हापूर